फुकटची शाळा आणि घरची खिडकी

छायाचित्रण घरबसल्या आणि एक पैसाही न देता शिकता येते, असे कोणी म्हटले की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष मान डोलावून लगेच मोबाइल उघडतो आणि पाठामागून पाठ पाहत सुटतो. दुसरा नाक मुरडतो. विद्या काय अशी वाटेवर पडली आहे, असे तो विचारतो. गुरूजवळ बसल्यावाचून कला येत नाही, हे त्याचे ठरलेले मत. गेले वर्षभर मी असले पुष्कळ ऑनलाइन वर्ग मन लावून पाहिले, त्यांत सांगितलेले स्वाध्याय घरी करून पाहिले, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या दोन-तीन घरांतली मुले व एक आजीबाई ते कसे करतात हेही जवळून पाहिले. त्यावरून मला असे वाटू लागले आहे की दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर आहेत. पाठ फुकट मिळतो हे खरे, आणि तो पुष्कळदा उत्तम असतो हेही खरे. पण शाळेत पाठाबरोबर आणखी दोन गोष्टी न मागता मिळत असत: नेमाने करावा लागणारा सराव, आणि केलेले काम पाहून दोष दाखवणारा माणूस. घरबसल्या शिकताना या दोन्ही आपल्या आपण उभ्या कराव्या लागतात. पहिली शिकणाऱ्याने करावयाची. दुसरी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. ती बडोद्यातल्या मराठी संस्थांनी मनावर घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हे वर्ग आहेत तरी कसे, ते पाहू. २०१६ साली न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने छायाचित्र कसे पाहावे यावर एक पाठमाला सुरू केली. कोणते बटण दाबावे, हे तीत फारसे नाही. एखादे चित्र कोणी, कशासाठी आणि कोणत्या विचाराने काढले, हे संग्रहालयातली चित्रे समोर ठेवून सांगितले आहे. त्याच वर्षी मार्क लेव्हॉय यांनी गूगलमधल्या मंडळींपुढे अठरा व्याख्याने दिली. हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते हाच विषय शिकवीत असत. भिंग प्रकाशाला कसे वळवते, कॅमेऱ्यातला संवेदक तो कसा टिपतो, रंग कसे जुळतात, याची फोड त्यांनी केली आणि ती सारी व्याख्याने जगाला पाहावयास मोकळी ठेवली. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीने सर्वांना घरात कोंडले होते तेव्हा, निकॉन कंपनीच्या अमेरिकेतल्या शाळेने एरवी पैसे घेऊन दाखवले जाणारे पाठ त्या महिन्यापुरते फुकट केले. यांखेरीज लहानमोठे पाठ किती आहेत याची गणतीच नाही. त्यांत कचरा आहे, तसे सोनेही आहे. ज्या ज्ञानासाठी एके काळी परदेशी जावे लागे, निदान महागडी पुस्तके मागवावी लागत, ते आज आपल्या माजघरात येऊन बसले आहे. हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

‘फुकट मिळते ते हलके’ ही म्हणण्याची रीत निदान बडोदेकरांना तरी शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. फुकट म्हणून ते शिक्षण कोणी कमी प्रतीचे मानले नाही. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणवून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. त्या व्यवस्थेतली फिरती वाचनालये आठवावीत. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या पेट्या खेडोपाडी धाडल्या जात. वाचणाऱ्याला एक पैचाही खर्च नसे. आजचा ऑनलाइन वर्ग मला त्या पेटीचाच वंशज वाटतो. मात्र त्या पेटीची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती गावात कोणाच्या तरी नावावर येई. पेटी उघडणारा, पुस्तक कोणाला द्यावे हे जाणणारा, परत आल्यावर ‘काय वाचलेस रे?’ असे विचारणारा कोणीतरी तिथे असे. आजची पेटी थेट खिशात येते आणि तिच्याबरोबर हा विचारणारा माणूस येत नाही.

आता गुरूच्या पक्षाकडे वळू. या पक्षाला मी एकच नाव सुचवतो: धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचा हा जनक छायाचित्रण शिकला तो आपल्या बडोद्यात. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमधून ते इथल्या कलाभवनात आले. ते कलाभवन महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवून काढले होते. तिथल्या प्रयोगशाळेत आणि छायाचित्रांच्या खोलीत फाळक्यांनी हात काळे करून घेतले. इथपर्यंत गुरूचा पक्ष खूश होईल. पण पुढचा भाग पाहावा. चाळिशीच्या उंबरठ्यावर चित्रपटाचे वेड लागल्यावर त्यांना शिकवणारा हिंदुस्थानात कोणी नव्हता. त्यांनी पुस्तके आणि यंत्रांचे कॅटलॉग मागवले आणि घरात बसून, डोळ्यांची पर्वा न करता, अभ्यास केला. त्या काळातला हा घरबसल्याचा वर्गच म्हणावयाचा. मग १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकाच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले. कॅमेरा घेऊन परत आल्यावर त्यांनी काय केले? राजा हरिश्चंद्र लगेच काढला नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज त्या रोपाचे चित्र टिपत राहिले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात उगवून वर चढला. ती ‘अंकुराची वाढ’ पाहून त्यांना भांडवल देणारा भेटला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

या कथेत घरी केलेले वाचन आहे, थोड्या दिवसांचे प्रत्यक्ष दर्शन आहे, आणि घरातच एका वाटाण्यावर केलेली महिनाभराची तपश्चर्या आहे. तिन्हींपैकी एक काढले तर फाळके उरत नाहीत. वाचन आज कोणालाही मिळते. वाटाणाही कोणाच्याही घरी असतो. तो पेरून महिनाभर त्याच्यासमोर बसण्याची तयारी मात्र कोणी फुकट देत नाही. आणि फाळक्यांच्या घरातली आणखी एक गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. कच्ची फिल्म त्या काळी कडेची भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. त्या कोणत्याही शाळेत हे शिकल्या नव्हत्या. घरातच शिकल्या, कारण घरात काम चालू होते आणि ते बरोबर झाले की चुकले हे त्याच रात्री समजत होते.

बडोद्याचा दुसरा दाखला होमाई व्यारावाला यांचा. आयुष्याची शेवटची वर्षे त्या आपल्याच गावात राहिल्या आणि २०१२ मध्ये इथेच वारल्या. हिंदुस्थानातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकल्या हे खरे, पण कॅमेरा त्यांच्या हाती दिला तो माणेकशॉ व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचे लग्न झाले. म्हणजे शिक्षण पुन्हा घरातलेच. त्यांची आरंभीची चित्रे तर माणेकशॉंच्याच नावाने छापून येत. पण शेजारी एक जाणता डोळा रोज होता, आणि तो परका नव्हता. गुरूचा पक्ष जे म्हणतो त्यातला ग्राह्य अंश एवढाच आहे. गुरू पदवीधर असावा, त्याला दक्षिणा द्यावी, वर्गाला चार भिंती असाव्यात, हे आवश्यक नाही. तुमचे चित्र हातात घेऊन, ‘हे काय केलेस?’ असे विचारणारा कोणीतरी असावा, एवढे पुरे.

फुकटचा पाठ हेच करू शकत नाही. तो बोलतो, पण पाहत नाही. तुम्ही शंभर चित्रे चुकीची काढली तरी पुढच्या पाठातला गृहस्थ त्याच हसऱ्या चेहऱ्याने पुढचा विषय काढतो. शिवाय पाठ पाहिला की काहीतरी शिकल्याचा आनंद होतो, आणि तो आनंद खऱ्या शिकण्याइतकाच गोड असतो. आमच्या शेजारचा एक मुलगा प्रकाश, भिंग, रंग यांवर तासभर बोलू शकतो. पण महिनाभरात त्याने दहा चित्रेही काढली नव्हती. व्यायामाचे पुस्तक वाचून दंड भरत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. बोलता बोलता त्याचे त्यालाच हसू आले. दुसरी अडचण म्हणजे फुकटच्या पाठामागे पुष्कळदा दुकान असते. अमुक भिंग घेतल्यावाचून असे चित्र येणार नाही, अमुक रंगपेटी विकत घ्या, प्रमाणपत्र हवे असेल तर पैसे भरा, असे ते दुकान हळूच सुचवते. विकणाऱ्याने विकू नये असे मी म्हणत नाही. शिकणाऱ्याने मात्र एक नेम करावा: घरातल्या मोबाइलने किंवा जुन्या कॅमेऱ्याने जे करता येते ते सारे करून झाल्यावाचून काहीही विकत घ्यावयाचे नाही. हा नेम पाळणाऱ्याला वर्षभर खर्चाचे कारण पडणार नाही, असा माझा अनुभव आहे.

घरी सराव काय करावा, हे थोडक्यात सांगतो. कारण ‘सराव करा’ एवढे म्हणून मोकळे होणे सोपे असते.

पहिला सराव खिडकीचा. घरातली एक खिडकी निवडावी. उत्तरेकडची मिळाली तर फारच बरे, कारण आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि प्रकाश मऊ राहतो. खिडकीजवळ एक पितळेचा तांब्या ठेवावा. तोच तांब्या, तीच जागा. सकाळी सातला, दुपारी बाराला, सायंकाळी पाचला चित्र घ्यावे. मग तांब्या खिडकीपासून एकेक हात मागे न्यावा. प्रकाश किती झपाट्याने उतरतो आणि सावली किती गडद होते हे डोळ्यांना दिसेल. खिडकीच्या समोरच्या अंगाला एखादे पांढरे धोतर दोरीवर वाळत घालावे आणि पुन्हा चित्र घ्यावे. काळी पडलेली बाजू त्या धोतरावरून परतलेल्या प्रकाशाने उजळते. स्टुडिओवाले ज्यासाठी पांढऱ्या छत्र्या आणि पाट्या आणतात ते हेच. प्रत्येक चित्राची वेळ, अंतर आणि काय केले ते वहीत लिहावे. आठ दिवसांनी ती वही उघडली की कोणत्याही पाठातले प्रकाशाचे प्रकरण नुसते ऐकून समजले होते त्याहून दुप्पट समजते.

दुसरा सराव काळ्या-पांढऱ्याचा. कॅमेरा हा बिचारा फार भाबडा असतो. समोर जे आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून पांढऱ्या भिंतीसमोर पांढरे धोतर नेसून बसलेले आजोबा चित्रात मळकट दिसतात, आणि काळे कपडे धुरकट. हे शिकण्यासाठी आपल्या घरात संक्रांतीइतका चांगला दिवस नाही. नव्या सुनेने काळी चंद्रकळा नेसलेली असते आणि अंगावर हलव्याचे दागिने असतात. चौकटीत काळेच पुष्कळ असल्यामुळे कॅमेरा सारे चित्र उजळ करू पाहतो. चंद्रकळा राखी होते आणि हलव्याचा काटा जळून नुसते पांढरे ठिपके उरतात. मोबाइलच्या पडद्यावर हलव्याच्या दागिन्यावर बोट टेकावे, मग उजेडाची पट्टी हळूहळू खाली आणावी, काटा दिसू लागेपर्यंत. ज्याला हलव्याचा काटा आणि चंद्रकळेचा काळेपणा एकाच चित्रात आणता आला, त्याला प्रकाश मोजण्याविषयी फारसे शिकण्याचे उरत नाही.

तिसरा सराव अंतराचा. माणसाचे चित्र काढताना आपण फोन त्याच्या तोंडाशी नेतो. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद दृश्य घेणारे असते. त्यामुळे हातभर अंतरावरून नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट मागे सरावे आणि दुप्पट जवळ आणणारे भिंग असेल तर ते वापरावे. चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. दोष त्या माणसाच्या चेहऱ्यात नसून आपल्या उभे राहण्यात होता, हे एकदा पटले म्हणजे पुष्कळ घरांतली ‘माझा फोटो चांगला येत नाही’ ही तक्रार संपेल.

चौथा सराव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: जुन्या छायाचित्रांच्या प्रती करणे. ज्या आजीबाईंचा उल्लेख मी वर केला त्यांनी हा सराव मनावर घेतला. ट्रंकेतले चित्र टेबलावर सपाट ठेवावे. चौकटीतली काच सहज निघत असेल तरच काढावी. चित्र काचेला चिकटलेले असेल तर ओढू नये. खोलीतले दिवे मालवावेत, उजेड एका बाजूच्या खिडकीतून तिरपा येऊ द्यावा, आणि फोन चित्राला अगदी समांतर धरावा. काचेत आपले प्रतिबिंब पडत असेल तर फोनमागे काळे कापड धरावे. चित्राच्या मागे नाव लिहावयाचे तर शाईने लिहू नये. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. या कामात तंत्र फार नाही. धीर लागतो, आणि तो म्हाताऱ्या माणसांपाशी आपल्यापेक्षा अधिक असतो.

आजीबाई हे काम करीत असताना जे दिसले त्यामुळेच हा लेख लिहावा असे मला वाटले. चित्राची प्रत काढून झाली की त्या नातवाला सांगत: ही अमुक आत्या, हिचे सासर ग्वाल्हेरला, हे तमुक काका, संस्थानच्या नोकरीत होते, मागे दिसतो तो आपला जुना वाडा, आता तिथे इमारत आहे. नातू ते लिहून घेत असे. चित्र कसे काढावे हे नातवाला माहीत होते आणि चित्रात कोण आहे हे फक्त आजीला. दोघांपैकी एक नसता तर ती ट्रंक म्हणजे अनोळखी माणसांचा ढीग झाली असती. अशा ट्रंका आपल्या प्रत्येक घरात आहेत. दोन-तीन शतकांपूर्वी आपले पूर्वज गायकवाडांच्या पाठोपाठ या गावी आले, इथलेच झाले, इथल्या गुजराती शेजाऱ्यांशी एकजीव झाले, आणि तरी घरात मराठीच राहिले. या वसाहतीचा इतिहास मोठ्या ग्रंथांत थोडाच आहे. तो हळदीकुंकवाच्या, मुंजीच्या, गौरीच्या आराशीच्या चित्रांत आहे, आणि त्या चित्रांतली नावे जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. फुकटच्या वर्गांतून छायाचित्रण शिकून आपण सूर्यास्ताची आणखी हजार चित्रे काढणार असू, तर शिकल्याचा मला आनंद आहे; पण ट्रंक उघडली नाही याचे दुःख त्याहून मोठे राहील.

हे काम करणाऱ्याला आदर्श हवा असेल तर तोही बडोद्यातच आहे. आपल्या विद्यापीठाच्या ललितकला विभागात नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाताखाली ज्योती भट्ट चित्रकला शिकले. हे बेंद्रे मूळचे इंदूरचे, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या संस्थानी गावचे. चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून नाव झाल्यावर, १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, भट्टांनी कॅमेरा हाती घेऊन खेड्यापाड्यांतली घरे, भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या टिपण्यास आरंभ केला आणि ते काम वर्षानुवर्षे चालवले. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, भिंत पुढच्या सणाला सारवली जाते. जे टिकणार नाही ते टिपून ठेवावे, ही त्यामागची दृष्टी. त्यांना डोळा मिळाला तो चित्रकलेच्या शिक्षणातून. कॅमेऱ्याचे तंत्र त्या डोळ्याच्या सेवेला आले. ऑनलाइन वर्गांत तंत्राचे पाठ रेलचेल आहेत. काय टिपावे हे मात्र त्या वर्गातला परदेशी शिक्षक आपल्याला सांगू शकणार नाही, कारण आपल्या अंगणात काय पुसले जात आहे हे त्याला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. या वर्गांतले जे उत्तम आहे ते बहुतेक इंग्रजीत आहे. आमच्या आजीबाईंना नातू बसून अर्थ सांगत असे म्हणून त्यांचे निभावले. ज्यांच्या घरी असा नातू नाही त्यांनी काय करावे? कलाभवनात धंदेशिक्षण देशी भाषेतून दिले जावे, असा गज्जरांचा आग्रह होता. सुतार, रंगारी, छापखानेवाला यांना इंग्रजी येईपर्यंत थांबवून ठेवले तर कारागिरीच थांबेल, हे त्यांनी ओळखले होते. आज शे-सव्वाशे वर्षांनी आपण त्याच वळणावर उभे आहोत. प्रकाश, सावली, अंतर, चौकट हे शब्द मराठीत आहेत; ‘शटर’ आणि ‘लेन्स’ हेही आता मराठीच झाले आहेत. दहा-दहा मिनिटांचे, घरातल्या वस्तूंवर बेतलेले वीस पाठ मराठीत तयार करणे हे फार खर्चाचे काम नाही. तांब्याचा पाठ, हलव्याचा पाठ, समईच्या उजेडातल्या चेहऱ्याचा पाठ असे ते असावेत. आपल्या गावात ललितकला शिकलेली मराठी मंडळी आहेत, लग्नकार्यांत आयुष्य काढलेले छायाचित्रकार आहेत. त्यांनी एकेक पाठ सांगितला तरी पुष्कळ होईल. अशाने त्यांच्या धंद्यावर गदा येईल ही भीती मला पोकळ वाटते. ज्याला चित्र काढता येऊ लागते त्यालाच चांगल्या चित्राची किंमत कळते. गाणे शिकणारी मुले वाढली म्हणून गवयाच्या बैठका कधी ओस पडल्या नाहीत.

राहता राहिला तो ‘हे काय केलेस?’ असे विचारणारा माणूस. यासाठी माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या मराठी मंडळांनी आणि वाचनालयांनी महिन्यातून एक रविवार छायाचित्रवाचनासाठी राखून ठेवावा. प्रत्येकाने फक्त तीन चित्रे आणावीत. अधिक नकोत, कारण निवडणे हाही अभ्यासच आहे. चित्र भिंतीवर लावावे किंवा पडद्यावर दाखवावे. काढणाऱ्याने पहिली पाच मिनिटे गप्प बसावे आणि इतरांना त्यात काय दिसते ते ऐकावे. ‘छान’, ‘सुंदर’ हे शब्द त्या सभेत वर्ज्य असावेत. काय दिसले आणि काय दिसले नाही एवढेच बोलावे. तीन चित्रांपैकी एक घरातल्या ट्रंकेतल्या जुन्या चित्राची प्रत असावी, नावानिशी. वर्षअखेर गणेशोत्सवात या चित्रांचे प्रदर्शन मांडावे आणि पाहावयास आलेल्या वृद्ध मंडळींच्या हाती पेन्सिल द्यावी. ज्या चेहऱ्याखाली नाव नाही तिथे त्यांनी नाव लिहावे. मंडपात एरवी मोठ्या आवाजाच्या गाण्यांना जेवढा वेळ दिला जातो त्याच्या दशांशात हे काम होईल.

यात शिक्षकाचा पगार नाही, इमारत नाही, अनुदानाचा अर्ज नाही. पाठ तिकडून फुकट येतोच आहे. खिडकी प्रत्येकाच्या घरी आहे, तांब्या आहे, आणि ट्रंकही आहे. कमी आहे ती बसून एकमेकांचे काम पाहण्याची सवय. बडोद्याने एके काळी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडून वाचणारा समाज घडवला. आज पेटी आपल्या हातात आयती आली असताना ती उघडणारा माणूस आपल्यातूनच पुढे यावयास हवा. येत्या गणेशोत्सवाच्या बैठका आता भरू लागतील. त्यांत निदान एखाद्या मंडळाने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि पहिल्या रविवारी घरातल्या सर्वांत जुन्या चित्रापासून आरंभ करावा.